पहिला फोन कुणाला?

२ ऑक्टोबर २००१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या अटलांटिस गावच्या एका रुग्णालयात त्रेसष्ट वर्षांचा एक गृहस्थ दाखल झाला. ताप होता, उलट्या होत्या, बोलणं असंबद्ध झालं होतं. मेंदूज्वराची शंका आल्यामुळे पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी त्या नमुन्याची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लांबट, जाडसर जिवाणू साखळीने पडलेले दिसत होते. नेहमीच्या मेंदूज्वराचे जिवाणू असे दिसत नाहीत. बुश यांच्या मनात अँथ्रॅक्सचं नाव आलं. आपल्याकडे गुराढोरांत होणारी काळपुळी किंवा फाशी म्हणतात ती हीच. अमेरिकेत श्वासावाटे होणारा अँथ्रॅक्स त्याआधी पंचवीस वर्षं कुणी पाहिला नव्हता.

बुश यांनी पुढे काय केलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. प्रयोगशाळेचा पक्का निकाल हाती येण्याची वाट न पाहता त्यांनी परगण्याच्या आरोग्य अधिकारी डॉ. जीन मालेकी यांना फोन केला. नमुना जॅक्सनव्हिलच्या राज्य प्रयोगशाळेकडे गेला. तिथे अशा जिवाणूंची ओळख पटवण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस होता. ४ ऑक्टोबरला निदान पक्कं झालं आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण दगावला. कुणीतरी मुद्दाम टपालाने धाडलेल्या पत्रांतून पसरलेल्या अँथ्रॅक्सचा तो पहिला बळी. पुढच्या काही आठवड्यांत एकूण बावीस जणांना लागण झाली आणि त्यातले पाच जण गेले.

अशा वेळी डॉक्टरांना हवी असलेली माहिती जगात नव्हती असं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकाने मे १९९९ मध्येच अँथ्रॅक्सच्या हल्ल्याला वैद्यकाने कसं सामोरं जावं याविषयी तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन छापलं होतं. देवी, प्लेग, बोट्युलिझम, टुलरेमिया यांच्यावरही तशीच निवेदनं पाठोपाठ आली होती. अटलांटाच्या सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, एप्रिल २००० मध्ये सर्वांत धोकादायक रोगकारकांची यादी जाहीर केली होती. पण छापलेली माहिती आणि रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या हाताला लागणारी माहिती यांच्यात फार मोठं अंतर असतं. ऑक्टोबर २००१ मध्ये त्या अंतरापायी माणसं मेली.

४ ऑक्टोबरलाच अमेरिकेचे आरोग्यमंत्री टॉमी थॉम्पसन यांनी पत्रकारांना सांगितलं की ही एकट्या माणसापुरती घटना आहे, आणि रुग्ण ओढ्याचं पाणी प्यायला होता असंही सुचवलं. श्वासावाटे होणाऱ्या अँथ्रॅक्सचा ओढ्याच्या पाण्याशी संबंध नसतो, हे त्या दिवशी अनेक वैद्यकांना कळत होतं. पण बोलणारी व्यक्ती देशाची आरोग्यमंत्री होती. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सची भुकटी असलेलं एक पत्र उघडलं गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच प्रतिजैविकं मिळाली. तेच पत्र ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेलं होतं, तिथल्या कामगारांना मात्र काही दिवस औषध मिळालं नाही, कारण बंद पाकिटातून जिवाणू बाहेर पडत नाहीत असं गृहीत धरलेलं होतं. ते चूक निघालं. छाननीच्या यंत्रांनी पाकिटं दाबली आणि कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून भुकटी बाहेर पडली. २१ ऑक्टोबरला केंद्र बंद झालं, तोवर उशीर झाला होता. तिथले दोन कामगार दगावले. एकाने आपत्कालीन क्रमांकावर स्वतः फोन करून आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा असं सांगितलं होतं. दुसऱ्याला मृत्यूच्या आदल्या दिवशी एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून घरी पाठवलं होतं.

याच ब्रेंटवुडचे दोन कामगार मात्र व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स इथल्या रुग्णालयात वाचले. तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण कुठे काम करतो याकडे लक्ष दिलं, छातीचा सीटी स्कॅन केला आणि निदान पक्कं होण्याआधीच औषध सुरू केलं. दोन्ही रुग्णालयांचं वैद्यकशास्त्र एकच होतं. सकाळच्या बातमीतला 'ब्रेंटवुड' हा शब्द एका ठिकाणी रुग्णाच्या इतिहासाशी जोडला गेला, दुसऱ्या ठिकाणी नाही.

त्या दिवसांत सीडीसीने चांगलंही काम केलं, हे नोंदवलं पाहिजे. 'एमएमडब्ल्यूआर' हे तिचं साप्ताहिक इंटरनेटवर तातडीने नवे अहवाल देऊ लागलं. ९ नोव्हेंबरच्या अंकात फ्लूसारखा आजार आणि श्वासावाटे झालेला अँथ्रॅक्स यांतला फरक कसा ओळखावा याचं मार्गदर्शन आलं. फ्लूच्या हंगामाच्या तोंडावर प्रत्येक डॉक्टरला पडलेला तोच प्रश्न होता. 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या तिच्याच नियतकालिकात पहिल्या दहा रुग्णांची सविस्तर नोंद आली, कुणालाही फुकट वाचता येईल अशी. सर्व दहा जणांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात काहीतरी बिघाड होता आणि नाक वाहणं फार कमी जणांना होतं. रुग्णाला तपासणाऱ्याच्या कामाची ही माहिती होती.

पण इंटरनेटवर शोध घेणाऱ्यापुढे त्या काळात हे अहवाल सहसा आधी येत नसत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक विकणारी संकेतस्थळं रातोरात उभी राहिली होती. गॅस मास्क, घरी करायच्या चाचण्या, प्रतिकारशक्ती वाढवणारी द्रव्यं असं सगळं विकायला होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यातल्या अनेकांना नोटिसा धाडल्या. सामान्य माणूस या गर्दीत फसला तर समजण्यासारखं आहे. डॉक्टर फसला तर रुग्णाचा जीव जातो, म्हणून डॉक्टरने शोधायचं कसं हा प्रश्न वेगळा आहे.

डॉक्टरला जैविक दहशतवादाबद्दल सगळं कळायची गरज नाही. जिवाणू कुणी वाढवला, कसा पसरवला, हे काम तपासयंत्रणांचं. रुग्णाजवळ उभं असताना तीन-चार प्रश्नांची उत्तरं पुरतात. हा रोग माणसाकडून माणसाला होतो का? कोणता नमुना घ्यायचा आणि तो सुरक्षितपणे कुठे पाठवायचा? रुग्णाला काय द्यायचं, आणि त्याच्यासोबत संपर्कात आलेल्यांना काय, किती दिवस? कळवायचं कुणाला? या उत्तरांत फार फरक पडतो. श्वासावाटे झालेला अँथ्रॅक्स एकापासून दुसऱ्याला होत नाही, तिथे नेहमीची खबरदारी पुरते. फुफ्फुसाचा प्लेग खोकल्याच्या थेंबांतून पसरतो, तिथे रुग्णाला वेगळं ठेवावं लागतं. देवीचा एक रुग्ण दिसला तर अख्ख्या जगाला कळवावं लागतं, कारण निसर्गातून देवी संपल्याला चार दशकांहून जास्त काळ झाला. जे संकेतस्थळ या प्रश्नांची उत्तरं न देता भीतीचं वर्णनच करत राहतं, ते बंद करावं, मग त्यावर कुणाचाही शिक्का असो.

शिक्क्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण 'सरकारी म्हणजे विश्वासार्ह' हा सल्ला वैद्यकीय महाविद्यालयांत फार सहज दिला जातो. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सची साथ आली. किमान ६६ जण दगावले. सोव्हिएत सरकारने सांगितलं की दूषित मांस खाल्ल्याने हे झालं, आणि पुढे तेरा वर्षं ते हेच सांगत राहिलं. शवचिकित्सक फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग यांनी मात्र मृतांच्या अवयवांचे नमुने आणि टिपणं जपून ठेवली होती. १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी लष्कराचा संबंध मान्य केला. १९९३ मध्ये या दोघांचे ४२ शवविच्छेदनांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग पोटातून नाही, फुफ्फुसांतून शिरला होता. १९९४ मध्ये मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की बळींची घरं आणि कामाच्या जागा लष्करी केंद्रापासून वाऱ्याच्या दिशेने निघालेल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात येतात.

या अभ्यासाने वैद्यकाला आणखी एक गोष्ट दिली. स्वेर्दलोव्स्कमध्ये काही जण जिवाणूशी संपर्क आल्यानंतर सहा आठवड्यांनीही आजारी पडले होते. शरीरात बीजाणू इतका काळ निद्रिस्त राहू शकतात. त्या निरीक्षणाच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधाराने संपर्कात आलेल्यांना साठ दिवस प्रतिजैविक द्यावं असं ठरलं. २००१ मध्ये सुमारे दहा हजार अमेरिकनांना साठ दिवसांचा हा सल्ला दिला गेला. ज्यांच्या मृत्यूचं कारण सरकारने दडवलं, त्यांच्या आजारपणाच्या नोंदींवरही तो उभा होता. शिक्का मारणाऱ्याकडे न पाहता त्याच्यामागे शवविच्छेदन, प्रयोगशाळेचा निकाल, रुग्णांची नोंद आहे की नाही हे पाहायचं, ते यासाठी.

माहिती दडवण्याचे सगळे हेतू वाईट नसतात, हेही खरं. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या द डॅल्स या गावात ७५१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली. रजनीशांच्या तिथल्या आश्रमातल्या काही अनुयायांनी स्थानिक निवडणुकीवर परिणाम करण्यासाठी हे केलं होतं. पुण्याहून निघालेल्या या आश्रमाचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण त्याची ही बाजू तितकीशी नाही. आरोग्य खात्याने आधी खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेवर बोट ठेवलं होतं. वर्षभराने आश्रम आतून फुटला तेव्हा खरं बाहेर आलं. तरीही अभ्यासकांनी त्याचा शास्त्रीय अहवाल 'जामा'मध्ये छापला तो १९९७ मध्ये. अनुकरण होऊ नये म्हणून ते थांबले. त्यांची काळजी मला पटते. पण मधल्या बारा वर्षांत एकाच गावातल्या अनेक हॉटेलांत एकाच वेळी विषबाधा झाली तर मुद्दाम केलेलं कृत्यही संभवतं, हे शिकण्याची संधी हजारो डॉक्टरांच्या हातून गेली.

आपल्याकडचा अनुभव १९९४ चा. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं असताना बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोकांनी शहर सोडलं. त्यांत खासगी डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. हा प्लेगच आहे का, यावर पुढे कित्येक महिने वाद चालला. घातपाताच्या वावड्याही उठल्या. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. देशभरातले मृत्यू पन्नासच्या आसपास होते, पण परदेशांनी विमानं थांबवली, माल परत पाठवला. प्रयोगशाळेचा निर्विवाद निकाल वेळेत जगासमोर ठेवता आला असता तर यातलं बरंच टळलं असतं असं मला वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'प्रोमेड' ही सेवा सुरू झाली होती. जगातल्या साथींच्या बातम्या ई-मेलने तज्ज्ञांपर्यंत पोचवायच्या, प्रत्येक बातमीवर जाणकार संपादकाने टिप्पणी करायची, अशी तिची रीत. २००३ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि डिसेंबर २०१९ मधला वुहानचा न्यूमोनिया, या तिघांचीही जगाला लवकर मिळालेली खबर प्रोमेडवरून आली.

मग डॉक्टरने पडद्यावरची माहिती पारखायची कशी? १९९७ मध्येच 'जामा'च्या संपादकांनी इंटरनेटवरच्या वैद्यकीय मजकुरासाठी चार कसोट्या मांडल्या होत्या. लिहिणारा कोण, आधार कोणते, कुणाचे पैसे किंवा हितसंबंध गुंतलेत, आणि मजकूर कधीचा. पाव शतक झालं, तरी याहून सोप्या आणि टिकाऊ कसोट्या मला माहीत नाहीत. जैविक हल्ल्याच्या संदर्भात चौथी कसोटी पहिली करावी लागते. ऑक्टोबर २००१ मध्ये मार्गदर्शन आठवड्या-आठवड्याला बदलत होतं. मंगळवारचं बरोबर वाक्य शुक्रवारी चुकीचं ठरू शकत होतं, आणि पाकिटाचं गृहीतक त्याचंच उदाहरण. चांगलं संकेतस्थळ वर तारीख लिहितं, काय बदललं ते सांगतं आणि 'हे अजून पक्कं नाही' असंही लिहितं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या परिपत्रकाच्या फोटोत नेमकी तारीख कापलेली असते. असा फोटो आला की ज्या कार्यालयाचं नाव त्यावर आहे त्याच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ कागद पाहावा. तिथे तो नसेल तर पुढे धाडू नये, हॉस्पिटलच्या ग्रुपवरही नाही.

दुसरी अडचण आपल्या देशाची. परदेशी मार्गदर्शनात सांगितलेली औषधं आपल्याकडे मिळतीलच असं नाही, आणि लसी तर नाहीच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तींच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कुणाचं काय काम, जिल्हा पातळीवर यंत्रणा कशी उभी राहते, हे समजून घ्यायला तो दस्तऐवज आजही वाचण्यासारखा आहे. औषधाचं प्रमाण मात्र त्यातून घेऊ नये, इतक्या वर्षांत शास्त्र पुढे गेलंय. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, सीडीसी, युरोपचं रोगनियंत्रण केंद्र आणि दिल्लीचं राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र यांची ताजी पानं एकमेकांशी ताडून पाहावीत. चौघांचं एकमत असेल तर निर्धास्त व्हावं. मतभेद असेल तर तो का आहे ते वाचावं, बहुधा तिथेच खरी माहिती दडलेली असते. नव्या विषाणूंच्या निदानासाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडमध्ये एकाच कुटुंबातल्या रुग्णांकडे पाहून तिथल्या डॉक्टरांना शंका आली, नमुने मणिपाल आणि पुण्याला गेले आणि काही दिवसांत निपाह असल्याचं पक्कं झालं. ती नैसर्गिक साथ होती. पण रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला साथ नैसर्गिक आहे की मुद्दाम घडवलेली हे कळत नसतं, आणि पहिल्या दिवशी कळायची गरजही नसते. दोन्हींत पावलं तीच टाकायची.

संकेतस्थळांची नावं सांगताना एक धोका वाटतो. यादी पाठ करणाऱ्याला वाटतं की काम झालं. वैद्यकीय संकेतस्थळांना विश्वासार्हतेचं चिन्ह देणारी जिनिव्हाची हेल्थ ऑन द नेट ही संस्था २०२२ च्या अखेरीस बंद पडली. तिचं चिन्ह जुन्या पानांवर नंतरही झळकत राहिलं, त्यामागे तपासणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. घातक पदार्थांची माहिती देणारं 'वायझर' हे अमेरिकी वैद्यक ग्रंथालयाचं साधन २०२३ मध्ये थांबवलं गेलं. त्याच वर्षी पैशांच्या अडचणीपायी प्रोमेडच्या संपादकांनी काम थांबवण्याचा पवित्रा घेतला. आणि जानेवारी २०२५ मध्ये जे कधी झालं नव्हतं ते झालं. अमेरिकेत सत्तांतर झाल्यावर आरोग्य खात्यांना बाहेर काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई झाली आणि 'एमएमडब्ल्यूआर'चे दोन आठवड्यांचे अंक निघालेच नाहीत. सीडीसीची काही पानं काढून टाकली गेली, पुढे न्यायालयाच्या आदेशाने ती परत आली. ज्या साप्ताहिकाने २००१ मध्ये डॉक्टरांना आधार दिला, त्याच्याबाबत हे व्हावं याचं मला मनापासून दुःख आहे. त्यामुळे महत्त्वाचे मार्गदर्शक कागद उतरवून, तारीख घालून, स्वतःच्या रुग्णालयाच्या संगणकात आणि छापील प्रतीत ठेवावेत आणि ठरावीक काळाने कुणीतरी ते नवे करावेत. हे काम एका व्यक्तीच्या नावावर असायला हवं, समितीच्या नाही.

साथीच्या दिवसांत नेटवर्क बंद पडतं, संकेतस्थळं गर्दीने अडतात. जिल्हा सर्वेक्षण कक्षाचा फोन मात्र आधीच ठाऊक असू शकतो. भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. २०२१ पासून त्याची नोंद 'आयएचआयपी' या संगणक प्रणालीवर होते. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर ते कळवायची सोय तिथे खासगी डॉक्टरलाही आहे. गावी असाल तर जिल्हा आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, आणि राज्याचा साथरोग विभाग पुण्यात. गाव-तालुक्यातल्या अनेक डॉक्टरांना आपल्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याचं नावही सांगता येत नाही. ते नाव आणि दोन क्रमांक तातडीच्या विभागात भिंतीवर लावायला पाच मिनिटं लागतात. बदली झाली की कागद बदलायचा. जवळच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा क्रमांकही त्याच कागदावर असू द्या. काळपुळी आपल्याकडे आधी गुरांत दिसते, मग ती गुरं सोलणाऱ्या माणसाच्या हातावरच्या काळ्या खपलीत. त्या खपलीकडे पाहून 'गावात गुरं मेली का?' असं विचारणारा डॉक्टर कुठल्याही संकेतस्थळाआधी साथ ओळखू शकतो. त्याने पशुवैद्यकाला विचारावं, जिल्ह्याला कळवावं आणि मग संगणकासमोर बसावं.